विचारानं टाइप करणं म्हणजे नेमकं काय?

जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या कंपनीनं पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं. दोनच महिन्यांत तो माणूस हात न हलवता लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळताना जगानं पाहिला. तेव्हापासून 'विचारानं चालणारा कॉम्प्युटर', 'मनातलं ओळखणारी चिप' असल्या मथळ्यांचा पूर आला आहे. असा मथळा वाचला की दोन प्रश्न हमखास पडतात. हे खरंच होतं का? आणि होत असेल, तर उद्या माझ्याही मनातलं कुणी वाचेल का?

पहिल्याचं उत्तर हो. मेंदूतल्या संकेतांवरून अक्षर न् अक्षर जुळवून वाक्य लिहिता येतं, आणि हे आजचं नाही, 1988 पासून चालू आहे. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देण्यासारखं नाही. त्यासाठी आधी स्क्रीनवर एक अक्षर उमटतं कसं, ते नीट बघायला हवं. ते बघितलं की निम्मी भीती आपोआप जाते. उरलेली निम्मी मात्र अनाठायी नाही.

हॉकिंग यांचं यंत्र वेगळं होतं

हा विषय निघाला की कुणीतरी स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण देतंच. पण त्यांच्या यंत्रात मेंदूच्या संकेतांचा काही संबंध नव्हता. त्यांच्या चष्म्याला एक इन्फ्रारेड सेन्सर लावलेला होता आणि तो गालाच्या स्नायूची बारीकशी हालचाल टिपायचा. स्क्रीनवर कर्सर अक्षरांवरून आपला आपण फिरत राहायचा. हवं त्या ठिकाणी आला की गाल हलवायचा, झालं.

हे सांगायचं कारण असं, की शरीरातला एक जरी स्नायू भरवशानं हलत असेल तर हाच मार्ग सोपा आणि स्वस्त असतो. नजर कुठे आहे हे कॅमेऱ्यानं ओळखून टाइप करणारी यंत्रं सर्रास मिळतात. मेंदूशी थेट जोडणी करायची वेळ येते ती हे सगळे रस्ते बंद झाल्यावर, किंवा बंद व्हायला लागल्यावर. एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हातपाय, मग बोलणं, मग गिळणं, श्वास. मेंदूच्या देठाला पक्षाघात झाला तर काही तासांत अशी अवस्था येऊ शकते की माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, ऐकतो, सगळं समजतं, पण पापण्या आणि डोळ्यांची वर-खाली हालचाल सोडून काहीच हलत नाही. डॉक्टर याला 'लॉक्ड-इन' म्हणतात. शरीराच्या आत कोंडलेला माणूस. डोळेही थांबले तर ती पूर्ण लॉक्ड-इन अवस्था.

कवटीबाहेरून काय कळतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या आणि रसायनांच्या मदतीनं बोलतात. लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांच्या विजेचा अगदी पुसटसा अंश डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचतो. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून ही वीज पहिल्यांदा नोंदवली आणि 1929 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तोच ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. फिट्स येणाऱ्या रुग्णाचा काढतात तो हाच.

आता ही वीज किती, तर काही मायक्रोव्होल्टपासून फार तर शंभर मायक्रोव्होल्टपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलचे दीड व्होल्ट घेतले, तर दहा मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा दीड लाखावा भाग. पापणी लवली, दात आवळले, तरी आलेखावर त्याहून मोठी लाट उठते. खोलीतल्या वायरिंगची गुणगुणही त्यात मिसळते. त्यामुळे 'मला म लिहायचा आहे' असा विचार केला की ईईजीत कुठेतरी 'म'चा आकार सापडेल, ही आशा सोडून द्यायची. तिथे अक्षरं नसतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जाक विदाल यांनी 1973 मध्ये मेंदू आणि कॉम्प्युटर थेट जोडण्याची कल्पना मांडली. 'ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस' हे नाव त्यांचंच. हल्ली सगळे त्याला बीसीआय म्हणतात, आपणही म्हणू. पण अक्षरं लिहिण्याची युक्ती सापडायला आणखी पंधरा वर्षं गेली.

प्रश्न यंत्र विचारतं, मेंदू फक्त होकार देतो

गर्दीच्या हॉलमध्ये हातात टोकन घेऊन आपण बसलेलो असतो. आकडे पुकारले जातात, आपण मोबाइलमध्ये डोकं घालून असतो, कानावरून ते नुसते वाहत जातात. आपला आकडा आला की मान आपोआप वर होते. पुकारणाऱ्याला आपलं नावगाव माहीत नसतं, आपण कशासाठी आलो हेही नाही. कोणत्या आकड्याला कुणाची मान वर झाली, एवढंच त्याला दिसतं आणि तेवढ्यावर त्याचं काम भागतं.

मेंदूची अशी 'मान वर होणं' म्हणजे पी-300. ज्याची वाट पाहतोय ती, अधूनमधूनच येणारी गोष्ट समोर आली की साधारण 300 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानंतर, ईईजीत एक धन लाट उमटते. 1960 च्या दशकात ती सापडली. 1988 मध्ये लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन या दोघांनी तिचा उपयोग लिहिण्यासाठी केला.

त्यांनी स्क्रीनवर सहा ओळी आणि सहा रकाने असलेली चौकट मांडली. 36 घरं, त्यात इंग्रजी अक्षरं आणि काही खुणा. माणसानं हव्या त्या अक्षराकडे लक्ष द्यायचं आणि ते उजळेल तेव्हा मनात मोजायचं, एक, दोन, तीन. यंत्र एकेक अख्खी ओळ किंवा अख्खा रकाना क्षणभर उजळवत जातं, कुठलाही क्रम न ठेवता. बारांपैकी दहा वेळा आपलं अक्षर त्यात नसतं. एकदा ओळीतून आणि एकदा रकान्यातून ते उजळतं, आणि त्या दोन्ही वेळी लाट उठते. ती ओळ आणि तो रकाना जिथे छेदतात, ते अक्षर.

म्हणजे यंत्र विचारतंय, 'या ओळीत आहे का? या रकान्यात आहे का?' आणि मेंदू फक्त दोनदा 'हो' म्हणतोय. लिहिणाऱ्यानं लक्षच दिलं नाही, मुद्दाम दुसरीकडे मन वळवलं, तर यंत्राच्या हाती काहीही लागत नाही. पुढे खासगीपणाचा प्रश्न येईल तेव्हा हे उपयोगी पडेल.

'पाणी' लिहायला किती वेळ?

एका वेळच्या उजळण्यानं भागत नाही. पी-300 ची लाट काही मायक्रोव्होल्टांची आणि तिच्याभोवती मेंदूच्या बाकी कामांचा गोंधळ तिच्या कित्येक पट. म्हणून तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारायचा आणि उत्तरांची सरासरी काढायची. गोंधळ दर वेळी वेगळा असतो, तो सरासरीत विरत जातो. लाट ठरल्या वेळी येते, म्हणून ती टिकते. इथे गणित जरा कंजूष आहे. सोळा वेळा विचारलं तर गोंधळ सोळाव्या नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो.

संशोधनात बऱ्याचदा वापरली गेलेली एक मांडणी घेऊ. 100 मिलिसेकंद उजेड, 75 मिलिसेकंद अंधार, आणि प्रत्येक ओळ-रकाना पंधरा वेळा. बारा गुणिले पंधरा, 180 वेळा उजळणं. एका अक्षराला साडेएकतीस सेकंद.

ही चौकट इंग्रजीची. देवनागरीला 36 घरं कशी पुरणार? स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शिवाय जोडाक्षरासाठी हलन्त. आठ बाय आठची चौकट घेतली तर ओळी-रकाने सोळा होतात आणि त्याच हिशेबानं एका खुणेला 42 सेकंद लागतात. 'पाणी' या शब्दात खुणा चार: प, काना, ण, वेलांटी. म्हणजे 168 सेकंद. तहान लागलेल्या माणसानं पावणेतीन मिनिटं स्क्रीनकडे एकाग्र व्हायचं, आणि तेही एकही चूक न होता. नेहमीचे शब्द सुचवणारा कीबोर्ड जोडला किंवा यंत्राला खात्री पटताच प्रश्न थांबवले, तर हा वेळ बराच खाली येतो. पण पाया हाच.

चुकांचा हिशेब तर याहून वाईट. 'अचूकता 80 टक्के' हे बातमीत छान दिसतं. प्रत्यक्षात चुकलेलं अक्षर खोडायला एक निवड, पुन्हा लिहायला दुसरी, आणि खोडतानाही यंत्र चुकू शकतं. अशा यंत्रावर दहा अक्षरं शुद्ध लिहायला सरासरी सोळा-सतरा निवडी कराव्या लागतात. आणि अचूकता 50 टक्के असेल तर मजकूर पुढे सरकतच नाही. जेवढं लिहावं तेवढंच खोडावं लागतं. म्हणून नुसता वेग किंवा नुसती अचूकता सांगणारी बातमी मी अर्धीच धरतो.

ईईजीवर याहून वेगवान पद्धतही आहे. स्क्रीनवरचं प्रत्येक घर वेगळ्या वेगानं लुकलुकतं, आणि ज्याच्याकडे बघावं त्याच लयीत मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग ठेका धरतो. चीनमधल्या चिंगह्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये 40 घरांच्या अशा चौकटीवर मिनिटाला 60 अक्षरांच्या आसपास वेग गाठला. पण तिथे नजर हलवता यायला हवी, डोळे शिणतात, आणि लुकलुकत्या उजेडानं फिट येणाऱ्यांना ती चालणार नाही. ज्याला याची सर्वांत जास्त गरज, त्याचेच डोळे हलत नाहीत. या पद्धतीची ही खरी गोची आहे. पी-300 ची चौकटही नजर अक्षरावर रोखता आली तरच चांगली चालते.

कवटीच्या आत गेलं की चित्र बदलतं

कातडी, हाड आणि आवरणं यांच्यापलीकडे, थेट मेंदूच्या पृष्ठभागात इलेक्ट्रोड टोचले तर एकेका पेशीचा ठोका टिपता येतो. यासाठी बरीच वर्षं वापरात असलेली पट्टी फक्त चार मिलिमीटर लांब-रुंद असते. तिच्यावर केसासारख्या बारीक शंभरेक सुया. ती शस्त्रक्रियेनं बसवावी लागते.

2021 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक प्रयोग मला या साऱ्या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातला. त्यात भाग घेतलेल्या माणसाला 2007 मध्ये मणक्याला इजा झाली होती आणि मानेखालची हालचाल जवळपास गेलेली होती. त्याला सांगितलं, की हातात पेन आहे असं समज आणि समोर कागद असल्यासारखं लिहायचा प्रयत्न कर. हात हलत नव्हता. पण मेंदूतल्या हाताच्या भागात लिहिण्याचा अख्खा नाच चालू झाला, इतकी वर्षं उलटून गेली तरी. प्रत्येक अक्षराचं वळण वेगळं, त्यामुळे पेशींचा ठेकाही वेगळा, आणि तो ओळखणं कॉम्प्युटरला जमलं. दोन शब्दांमधली मोकळी जागा 'लिहिता' येत नाही, म्हणून तिच्यासाठी त्यानं '>' ही खूण काढायची आणि पूर्णविरामासाठी '~'. वेग मिनिटाला 90 अक्षरं. अचूकता 94 टक्के, आणि नंतर शब्दशुद्धीचं सॉफ्टवेअर फिरवलं तर 99 च्या वर. त्याच्या वयाची धडधाकट माणसं मोबाइलवर मिनिटाला सुमारे 115 अक्षरं टाइप करतात.

इथेही यंत्रानं 'विचार' वाचला नाही. हात हलवण्याचा प्रयत्न वाचला.

पुढची पायरी ओघानंच आली: हाताऐवजी ओठ, जीभ आणि जबडा. माणूस बोलायचा प्रयत्न करतो, आवाज फुटत नाही किंवा अस्पष्ट फुटतो, आणि मेंदूतल्या त्या भागातले संकेत यंत्र ध्वनींमध्ये बदलतं. ध्वनींचे शब्द जुळवायला भाषेचं प्रारूप मदत करतं, म्हणजे कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त हे शिकलेलं सॉफ्टवेअर. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्याच गटानं एएलएस झालेल्या एका स्त्रीच्या बाबतीत मिनिटाला 62 शब्दांचा वेग गाठला, पण सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून निवडताना चारांतला जवळपास एक शब्द चुकायचा. वर्षभरात, 2024 मध्ये, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं 256 इलेक्ट्रोड वापरून तेवढ्याच शब्दसंग्रहावर अचूकता 97 टक्क्यांच्या वर नेली. सहज गप्पांचा वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या पुढे असतो. म्हणजे अंतर अजून आहे, पण 'पाणी'साठी पावणेतीन मिनिटं कुठे आणि हे कुठे!

पण ते शब्द माणसाचे की यंत्राचे?

ही शंका रास्त आहे आणि ती विचारायलाच हवी. पुढचा शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर मध्ये बसलं की रुग्णाच्या तोंडी भलतंच वाक्य जाऊ शकतं, आणि घरच्यांना ते खरं वाटावंसं वाटत असतं. या क्षेत्रात अशी ठेच लागलेली आहे. पूर्ण लॉक्ड-इन अवस्थेतले चार रुग्ण हो-नाही अशी उत्तरं देऊ शकतात, असा दावा करणारा 2017 चा एक गाजलेला शोधनिबंध 2019 मध्ये मागे घेतला गेला. त्याच दोन मुख्य शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला नवा निबंध 2022 मध्ये आला. या वेळी इलेक्ट्रोड मेंदूत बसवलेले होते. रुग्ण आपल्या पेशींची लय वर-खाली करून एक सूर चढवायचा किंवा उतरवायचा. चढा सूर म्हणजे हो. वेग, मिनिटाला जेमतेम एक अक्षर. एवढ्या वेगानंही त्यानं स्वतःच्या देखभालीबद्दल सूचना दिल्या आणि मुलाशी संवाद साधला.

पडताळणीचे मार्ग साधे आहेत. समोर दिलेला शब्द रुग्णाला नक्कल करून लिहायला लावायचा. यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नाही आणि रुग्णाला ठाऊक आहे असा प्रश्न विचारायचा. लिहून झालेलं वाक्य बरोबर की चूक, हे ठरवायचं बटण रुग्णाच्याच ताब्यात ठेवायचं. भाषेचं प्रारूप बंद केल्यावर कच्ची अक्षरं कितपत बरोबर येतात, तो आकडा चांगल्या निबंधात वेगळा दिलेला असतो. बातमीत तो क्वचितच असतो.

मग माझ्या मनातलं वाचतील का?

डोक्यावर टोपी घालून, तुमच्या नकळत? नाही. पी-300 ला तुमचं लक्ष हवं, स्थिर बसणं हवं, आणि आधी तुमच्याच मेंदूवर यंत्राची तालीम हवी, कारण एकाची लाट दुसऱ्यासारखी नसते.

आत बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या बाबतीत मात्र उत्तर आता बदललं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं, की तोंड हलवायचा प्रयत्नही न करता नुसतं मनात म्हटलेलं वाक्य काही प्रमाणात ओळखता येतं. आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णाला काहीतरी मोजायला सांगितलं तर मनातल्या मनात मोजलेले आकडेही संकेतांत डोकावत होते, ते 'बोलायला' कुणी सांगितलेलं नसताना. त्यावर त्यांनीच तोडगा सुचवला: ठरवलेला एक परवलीचा शब्दसमूह मनात म्हटला तरच यंत्रानं ऐकायला सुरुवात करायची. तो 98 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला गेला. ज्यांनी शोध लावला त्यांनीच कुलूपही सोबत द्यावं, हे मला आश्वासक वाटतं. पण कंपन्या ते कुलूप लावतीलच, असं गृहीत धरता येत नाही.

कायदे हळूहळू येत आहेत. चिलीनं 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 मध्ये अशी माहिती संवेदनशील वैयक्तिक माहितीत धरली. यात जवळचा धोका मेंदूतल्या चिपचा नाही. ध्यानासाठी, झोपेसाठी विकले जाणारे ईईजीचे पट्टे आधीच बाजारात आहेत. त्यांतून वाक्यं कळत नाहीत, पण नोंदी साठतात, आणि त्या कुणाकडे जातात हे अटींच्या बारीक अक्षरांत दडलेलं असतं.

आज हे कुणाला मिळू शकतं?

लिहिण्या-बोलण्यासाठी मेंदूत बसवायचं यंत्र दुकानातून किंवा दवाखान्यातून विकत मिळत नाही. मिळतं ते संशोधनाच्या चाचणीत सहभागी होऊन. शस्त्रक्रियेचा धोका, जंतुसंसर्गाची भीती, इलेक्ट्रोडभोवती साचत जाणारी पेशींची जाळी, आणि संकेत सरकत राहिल्यानं यंत्राला पुन:पुन्हा जुळवून घ्यावं लागणं, हे सगळं त्यात आलं. न्यूरालिंकच्या पहिल्याच रुग्णात इलेक्ट्रोड असलेले काही धागे मेंदूतून मागे सरकल्याचं कंपनीनं स्वतः सांगितलं होतं. सिंक्रॉन ही कंपनी मानेतल्या शिरेतून जाळीसारखा इलेक्ट्रोड मेंदूजवळच्या रक्तवाहिनीत नेते, त्यामुळे कवटी उघडावी लागत नाही, पण संकेतही तितके बारीक मिळत नाहीत. आणि चाचणी संपली, कंपनी बंद पडली, तर डोक्यातल्या त्या यंत्राची देखभाल कोण करणार, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायला हवा.

ईईजीची टोपी त्यामानानं सोपी. तरी रोज कुणीतरी ती बसवायची, जेल लावायचं, नंतर केस धुवायचे. घरी हे महिनोन्‌महिने करणं काळजी घेणाऱ्याला जड जातं. म्हणून डोळे हलत असतील तोवर अक्षरांचा तक्ता आणि नजरेवर चालणारं यंत्र, हाच पहिला पर्याय.

एएलएसचं निदान नुकतंच झालं असेल तर मात्र एक काम लगेच करण्यासारखं आहे. आवाज शाबूत असतानाच बोलण्याच्या भरपूर नोंदी करून ठेवायच्या: गप्पा, वाचन, घरातल्यांची नावं, नेहमीची वाक्यं. डेव्हिसच्या 2024 च्या त्या प्रयोगात स्क्रीनवर उमटलेली वाक्यं कॉम्प्युटरनं मोठ्यानं वाचली, ती रुग्णाच्या आजारापूर्वीच्या आवाजात. तो आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला होता. नजरेच्या यंत्रावरही असा आवाज बसवता येतो. त्यासाठी मेंदूत काही घालावं लागत नाही. चांगला माइक आणि शांत खोली एवढं पुरतं.